अश्वगंधा: रानातली, नागोरी आणि सुधारित, बियाणे घेण्याआधी समजून घ्यायचे फरक

अश्वगंधेचे बियाणे घेताना बहुतेक शेतकरी दोनच प्रश्न विचारतात. किलोचा भाव काय आणि उगवण किती? तिसरा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सहसा राहून जातो. हे बियाणे कोणत्या समूहातले आहे? अश्वगंधा हे नाव एकच असले तरी त्या नावाखाली वेगवेगळ्या भागांत वाढलेली, वेगवेगळ्या अंगाची आणि वेगवेगळ्या मुळांची झाडे येतात. त्यातील काहींचे मूळ बाजारात पहिल्या प्रतीने जाते, तर काहींचे मूळ फुकट दिले तरी व्यापारी उचलत नाही. हा फरक काही अंशी जमिनीचा असतो, काही अंशी काढणीच्या वेळेचा आणि बराचसा रक्ताचा, म्हणजे आनुवंशिक असतो. त्यातील कोणता भाग कशामुळे येतो, हे या लेखात पाहू.

बांधावरची ढोरगुंज आणि शेतातली अश्वगंधा

महाराष्ट्राच्या कोरड्या भागात अश्वगंधा रानात आपोआप येते. गावकुसाबाहेर, रस्त्याच्या कडेला, पडीक माळावर, जुन्या भिंतींच्या आडोशाला ती दिसते. आस्कंद, आसंध, ढोरगुंज अशी तिची नावे आहेत. वांगी, टोमॅटो, मिरचीच्या कुळातली ही वनस्पती. शास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा. फळ टोमॅटोसारखे पण वाटाण्याएवढे, लाल-नारिंगी आणि कागदी वेष्टनात झाकलेले. वेष्टन उघडले नाही तर पुष्कळ जण तिला रानातली पोपटीच समजतात.

ही रानातली झाडे अनेक वर्षे जगतात. उन्हाळ्यात पाने झडली तरी बुंधा जिवंत राहतो आणि पाऊस पडला की पुन्हा फुटतो. उंची सहज कमरेपर्यंत किंवा त्याहून जास्त जाते. फांद्या जमिनीपासूनच फुटतात आणि पसरतात. कोवळ्या फांद्यांवर आणि पानांवर राखाडी-पांढरी दाट लव असते. भिंगातून पाहिले तर ही लव चांदणीसारखी फाटे फुटलेली दिसते. मूळ जाड असते, पण लाकडासारखे चिवट. मोडायला गेलात तर वाकते, तंतू निघतात, तुटत नाही.

शेतात घेतली जाणारी अश्वगंधा वेगळीच दिसते. ती एका हंगामाची. साधारण दीड ते दोन फूट उंच, सरळ, कमी फांद्यांची, लव विरळ. पाच-सहा महिन्यांत पाने पिवळी पडतात, फळे लाल होतात आणि झाड काढणीला येते. मूळ निमुळते, सरळ, उपमुळे कमी. वाळलेले मूळ काडकन तुटते आणि आतून पांढरे, पिठूळ दिसते. हा ठिसूळपणा मुळातील पिष्टामुळे येतो. रानातल्या मुळात पिष्टाच्या मानाने तंतूचा वाटा जास्त, म्हणून ते चिवट.

दोन्ही झाडे शेजारी ठेवली तर एकाच जातीची आहेत यावर विश्वास बसणे कठीण. वनस्पतिशास्त्रज्ञांमध्येही यावर मतभेद झाले. कौल यांनी १९५७ मध्ये लागवडीतील अश्वगंधा ही रानातल्या विथानिया सोम्निफेरापासून वेगळी मानावी असे मांडले आणि तिला विथानिया अश्वगंधा असे स्वतंत्र नाव दिले. पुढे पुष्कळांनी ते स्वीकारले नाही आणि आजही बहुतेक पुस्तकांत, औषधकोशांत दोन्ही एकाच नावाखाली आहेत. मात्र वाद मिटलेला नाही. गेल्या काही दशकांत डीएनएवर झालेल्या कामामुळे तो पुन्हा वर आला आहे.

नाव काय द्यायचे ते शास्त्रज्ञ ठरवतील. शेतकऱ्याच्या दृष्टीने एवढे पक्के आहे की रानातल्या झाडाचे बी पेरून शेतातली अश्वगंधा मिळत नाही. पुढचा प्रसंग त्यासाठीच सांगतो.

एका हंगामाची किंमत

काही वर्षांपूर्वी विदर्भातील एका शेतकऱ्याने दीड एकरावर अश्वगंधा केली. बियाणे जवळच्याच एका ओळखीच्या माणसाकडून, स्वस्तात. पेरणीआधी त्यांनी मूठभर बी मला दाखवले. पिवळसर, चपटे, मूत्रपिंडाच्या आकाराचे बी, स्वच्छ, ताजे. मी ते बोटांवर घेतले, फुटके-पोचे दाणे पाहिले आणि ‘बी चांगले दिसते, उगवण तपासून पेरा’ असे सांगितले. उगवण खरोखर चांगली झाली. भाद्रपदात शेत हिरवेगार होते आणि आम्ही दोघेही खूश होतो.

दिवाळीनंतर शंका यायला लागली. झाडे कमरेपर्यंत गेली, अंगभर फुटली, पानांवर राखाडी झाक आली. माघात बाकीच्यांची पिके पिवळी पडून काढणीला आली, तेव्हा हे शेत हिरवे आणि फुलावर. मुळे खणली तर करंगळीपासून अंगठ्याएवढी जाड, वजनदार. पण व्यापाऱ्याने एक मूळ उचलून वाकवून पाहिले आणि परत ठेवले. एवढेच. बी बांधावरच्या झाडांवरून तोडलेले होते. देणाऱ्याने फसवायच्या हेतूने दिले असेही वाटत नाही. त्याच्या लेखी अश्वगंधा म्हणजे अश्वगंधा.

चूक माझीही होती. रानातले आणि लागवडीतले बी नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, हे मला माहीत असायला हवे होते. बी कुठून आले, त्या झाडाचे मूळ कसे होते, हे विचारायला हवे होते. तेव्हापासून मी बियाण्याचा नमुना पाहून मत देत नाही. ज्या शेतातून बी घेतले, तिथले वाळलेले मूळ मागतो. बियाणे विकणाऱ्याकडे आपल्या पिकाची दोन-चार मुळे नसतील, तर ते बियाणे त्याने स्वतः पिकवलेले असण्याची शक्यता कमीच.

नागोरी म्हणजे नक्की काय?

बाजारात ‘नागोरी असगंध’ हा शब्द गुणवत्तेचा शिक्का म्हणून वापरतात. नाव राजस्थानातील नागौर जिल्ह्यावरून आले. आज मात्र या पिकाचा मोठा पट्टा मध्य प्रदेशातील मंदसौर व नीमच जिल्ह्यांत आणि त्याला लागून असलेल्या राजस्थानच्या भागात आहे. नीमचची मंडी ही औषधी वनस्पतींची देशातली मोठी बाजारपेठ आणि अश्वगंधेच्या भावाचा अंदाज तिथूनच घेतला जातो. त्यामुळे ‘नागोरी’ हे आता गावाचे नाव राहिलेले नाही. ते एका प्रकाराचे नाव झाले आहे: बुटके, एकहंगामी झाड आणि सरळ, पिठूळ मूळ.

हा प्रकार कसा तयार झाला असेल, याचा विचार करण्यासारखा आहे. शेतकरी दरवर्षी मूळ विकतात आणि त्याच शेतातले बी ठेवतात. जे झाड पहिल्याच वर्षी भरपूर फळे देते, त्याचेच बी पुढे जाते. दोन वर्षांनी फळणारे झाड आपोआप गळते. चिवट मुळाच्या मालाला भाव कमी, म्हणून तसे शेत पुढच्या वर्षी बियाण्यासाठी कोणी ठेवत नाही. पिढ्यानुपिढ्या हीच चाळणी लागत गेली की झाड बदलते. ज्वारीच्या, वांग्याच्या गावठी वाणांत जे घडले, तेच इथे घडले. फरक इतकाच की इथे चाळणी दाण्याला नव्हे, मुळाला लागली.

त्यातच अश्वगंधेचे फूल बहुतांशी स्वपरागीभवन करते. फूल लहान, हिरवट-पिवळे. परागकोश आणि स्त्रीकेसराचे टोक एकमेकांजवळ. मधमाश्या आणि लहान कीटक येतात, त्यामुळे थोडे परपरागीभवनही होते, पण मुख्य भर स्वतःच्या परागावर. अशा पिकात एका समूहातील झाडे एकमेकांसारखी होत जातात आणि दूरच्या दोन समूहांतला फरक वाढत जातो. म्हणजे एकाच शेतातल्या झाडांत फरक कमी आणि मंदसौर, काश्मीर, दख्खन यांच्यात फरक जास्त.

डीएनए काय सांगतो

गुणसूत्रांची संख्या मोजून हा भेद सापडत नाही. अश्वगंधेत गुणसूत्रे ४८. बटाट्यातही तेवढीच. त्यामुळे संख्येपलीकडे, डीएनएच्या तुकड्यांपर्यंत जावे लागते.

सन २००० मध्ये नेगी, सिंग आणि लक्ष्मीकुमारन यांनी एएफएलपी या पद्धतीने विथानियाच्या झाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या पद्धतीत डीएनए विशिष्ट ठिकाणी कापतात, तुकड्यांच्या लांबीप्रमाणे पट्टे पाडतात आणि कोणत्या झाडाचे कोणते पट्टे जुळतात ते मोजतात. बोटांच्या ठशांसारखेच. या कामात नागोरी आणि काश्मिरी झाडांचे दोन स्वतंत्र गट पडले. विथानिया कोअॅग्युलन्स ही दुसरी जाती दोघांपासूनही लांब राहिली. हीच ती पनीर फुलांची वनस्पती, जिच्या फळांनी दूध फाटते. म्हणजे डोळ्यांना दिसणारा फरक केवळ हवामानाचा नाही, तो डीएनएपर्यंत उतरलेला आहे, हे या आणि यानंतरच्या कामांतून स्पष्ट झाले.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी यातला एक मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. लागवडीतील प्रकार हे एका अरुंद पायावर उभे आहेत. निवड करत करत आपण पिठूळ मूळ मिळवले, पण वाटेत पुष्कळ जनुके मागे सोडली. रोगाला तोंड देण्याची, पाण्याच्या ताणात टिकण्याची, जास्त विथानोलाइड बनवण्याची क्षमता कदाचित बांधावरच्या त्याच ‘निरुपयोगी’ झाडांत असेल. म्हणून रानातली झाडे पेरू नका असे मी सांगतो, तेव्हा ती उपटून टाका असे म्हणत नाही. पैदासकाराला ती लागतात. फक्त बियाण्याच्या प्लॉटभोवतीची झाडे फुलोऱ्याआधी काढावीत. कारण परपरागीभवन थोडे का होईना, होतेच. एकदा ते बी मिसळले की पुढच्या वर्षी शेतात मधूनच उंच, राखाडी झाडे दिसायला लागतात.

आतला फरक: कोणते द्रव्य, किती आणि कुठे

अश्वगंधेची ओळख तिच्यातील विथानोलाइड या द्रव्यांच्या गटावर आहे. विथाफेरिन-ए, विथानोलाइड-ए, विथानोन ही त्यातली ठळक नावे. ती सगळ्या झाडांत सारखी नसतात. हे प्रथम ठळकपणे दिसले ते इस्रायलमध्ये. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात देशाच्या वेगवेगळ्या भागांतील अश्वगंधेची पाने तपासली. दिसायला सारख्या झाडांत मुख्य द्रव्य वेगवेगळे निघाले. एका समूहात विथाफेरिन-ए, दुसऱ्यात विथानोलाइड-डी, तिसऱ्यात अनेक विथानोलाइडांचे मिश्रण. अशा समूहांना रासायनिक प्रकार म्हणतात. झाडे एकत्र वाढवली तरी हा गुण बदलत नाही, कारण तो मुख्यतः आनुवंशिक आहे.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. कोणते द्रव्य मुख्य असेल, हे मोठ्या प्रमाणात झाडाच्या जनुकांवर ठरते. ते किती असेल, हे मात्र झाडाचे वय, अवयव, जमीन, पाणी आणि काढणी-साठवण यांवरही ठरते. जुन्या संदर्भांत भारतीय मुळांतील एकूण अल्कलॉइडांचे प्रमाण ०.१३ ते ०.३१ टक्के दिलेले आढळते. इतर देशांतील काही मालात ते ४ टक्क्यांवरही नोंदले गेले आहे. एवढा फरक पाहिला की ‘अश्वगंधेत इतके टक्के द्रव्य असते’ असे एका आकड्यात सांगणे किती धोक्याचे आहे ते कळते.

अवयवाचा फरकही लक्षात ठेवा. विथाफेरिन-ए मुख्यतः पानांत, मुळात त्या मानाने कमी. त्यामुळे मूळ म्हणून विकलेल्या भुकटीत पाने मिसळली तर प्रयोगशाळेत आकडा वर जातो, पण द्रव्यांचे आपसातील प्रमाण बिघडते आणि मिसळ उघडी पडते. केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये औषध उत्पादकांना अश्वगंधेची पाने न वापरण्याची सूचना केली. तेव्हापासून चांगले खरेदीदार यावर जास्त कटाक्ष ठेवतात. मुळे दळून देण्याचा जोडधंदा करणाऱ्या गटांनी काढणीच्या वेळी पाने, काड्या आणि मुळे यांचे ढीग पहिल्यापासून वेगळे ठेवावेत.

आता एक अडचण. व्यापारी मूळ पाहून भाव देतो, औषध कंपनी प्रयोगशाळेचा अहवाल पाहून. व्यापाऱ्याला जाड, पांढरे, ठिसूळ मूळ हवे. कंपनीला विथानोलाइड हवे. या दोन गोष्टी नेहमी एकत्र चालत नाहीत. पिठूळ मुळात द्रव्य जास्तच असेल असे नाही. बारीक मुळात ते कमीच असेल असेही नाही. म्हणून माल कोणाला विकायचा हे आधी ठरवा आणि मग वाण निवडा. मंडीत विकणार असाल तर मुळाचा आकार पाहा. कंपनीशी करार असेल तर त्यांना कोणती द्रव्ये हवीत आणि ती कोणत्या पद्धतीने मोजणार, हे करारातच लिहून घ्या. मोजण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो आणि मग वाद शेतकऱ्याच्या अंगावर येतो.

सुधारित वाण कोणत्या धाग्यातून आले

जवाहर असगंध-२० आणि जवाहर असगंध-१३४ हे वाण मध्य प्रदेशातील मंदसौर केंद्राच्या कामातून आले. म्हणजे त्यांची मुळे नागोरी पट्ट्यातच. राज विजय अश्वगंधा-१०० हाही त्याच भागातील. लखनौच्या सीमॅप संस्थेने पोषिता, रक्षिता आणि नंतर निमितली-१०१, निमितली-११८, सिम-प्रताप असे वाण दिले. त्यांत द्रव्यांच्या प्रमाणावर अधिक भर आहे. गुजरातमधील आणंदजवळच्या बोरियावी येथील औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालयाचा वल्लभ अश्वगंधा-१ आणि बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेचा अर्का अश्वगंधा हेही उपलब्ध आहेत.

यातला सर्वांत चांगला कोणता, असे विचारले तर सरळ उत्तर नाही. मंदसौरच्या हलक्या, कोरड्या हवामानात निवडलेला वाण तुमच्या भारी जमिनीत तसाच वागेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. अकोल्याच्या आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठांत औषधी वनस्पतींचे काम चालते. तिथे विचारून आपल्या भागात तपासलेला वाण घ्यावा. वाणाचे नाव पिशवीवर असले तरी पावती आणि बियाण्याचा स्रोत मागायला संकोच करू नका. औषधी पिकांत नावाने विकले जाणारे साधे बियाणे खूप आहे.

झाडाचा गुण की जमिनीचा?

हा प्रश्न शेतात सर्वाधिक येतो. ‘बी नीमचचे होते, तरी मुळे फाटे फुटलेली निघाली. बी खोटे होते का?’ बहुतेक वेळा नाही. दोष जमिनीचा असतो.

काही लक्षणे जमिनीने फारशी बदलत नाहीत. झाड सरळ की पसरणारे, लव दाट की विरळ, पिकलेल्या फळाचा रंग पिवळा, नारिंगी की गडद लाल, एका हंगामात पिवळे पडते की हिरवे राहते. हीच लक्षणे बियाणे ओळखायला कामाची. मुळाची लांबी, जाडी, उपमुळांची संख्या मात्र जमिनीवर फार अवलंबून असते. हलकी, पोयट्याची किंवा तांबडी, निचऱ्याची जमीन असेल तर मूळ सरळ खाली जाते. भारी काळ्या जमिनीत ते अडते, फाटे फुटतात आणि काढताना तुटून निम्मे मातीतच राहते. मुरूम वर आलेल्या जागी मूळ वळते. उशिरा जास्त पाणी दिले तर झाड पुन्हा पालवते, वजन वाढल्यासारखे दिसते, पण मुळाची प्रत घसरते. काढणी लांबवली तर नागोरीचे मूळही जून आणि तंतुमय होते. म्हणून चिवट मूळ दिसले की लगेच रानातले बी असा निष्कर्ष काढू नये. आधी झाड पाहा, मग मूळ.

खात्री करायची असेल तर एकच रस्ता आहे: दोन्ही बियाणी एकाच जमिनीत, एकाच दिवशी शेजारी पेरायची. फरक राहिला तर तो बियाण्याचा, नाहीसा झाला तर जमिनीचा. यासाठी मोठी जागा लागत नाही. प्रत्येक बियाण्याच्या तीन मीटर लांबीच्या चार ओळी, ओळींत ३० सेंमी अंतर. असे तुकडे शेतात तीन ठिकाणी, क्रम बदलून टाकावेत. एकाच ठिकाणी टाकले आणि ती जागा बांधालगत किंवा पाणी साचणारी निघाली, तर सगळा प्रयोग वाया. विरळणी करून दोन झाडांत सारखे अंतर ठेवा. कडेच्या ओळी सोडून मधल्या दोन ओळींतली झाडे मोजा.

नोंदी फार नकोत. दीड महिन्यावर उंची आणि लव, पहिले फूल कधी आले, फळांचा रंग, पाने पिवळी पडण्याची तारीख. काढणीला प्रत्येक तुकड्यातून वीस मुळे घेऊन ताजे वजन, वाळल्यावरचे वजन आणि प्रत्येक मुळाची उपमुळे मोजा. मग मोडून पाहा. वीसपैकी किती काडकन तुटली आणि किती वाकली, हा आकडा मला सर्वांत उपयोगी वाटतो.

एक साधी चाचणी शाळेतल्या मुलांनाही जमते. मुळाचा आडवा काप घ्या आणि त्यावर औषध दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. पिष्ट असेल तिथे निळा-काळा रंग येतो. रानातल्या मुळातही काही पिष्ट असते, त्यामुळे रंग आला की माल उत्तम असे समजू नका. दोन नमुने शेजारी ठेवून तुलना करण्यापुरतीच ही चाचणी. द्रव्य किती आहे हे तिच्यातून कळत नाही आणि आयोडीन लावलेला काप मालात परत टाकायचा नाही.

प्रतवारी करताना

वाळवण झाल्यावर मुळांचे तुकडे करून प्रत लावतात. पहिल्या प्रतीत साधारण ७ सेंमीपर्यंत लांब, १ ते १.५ सेंमी जाड, भरीव, गोल, ठिसूळ आणि आतून पांढरे तुकडे. दुसऱ्यात ५ सेंमीपर्यंत लांब, १ सेंमीपर्यंत जाड. तिसऱ्यात ३ ते ४ सेंमीचे, १ सेंमीपेक्षा बारीक. उरलेले पोकळ, पिवळसर, तुटके तुकडे शेवटच्या प्रतीत. चांगल्या वाणाचे सगळे मूळ पहिल्या प्रतीत जाते हा गैरसमज आहे. एकाच मुळाचा वरचा भाग पहिल्या प्रतीत आणि शेपटी तिसऱ्यात जाते. वाणाचा फायदा दिसतो तो एकूण मालात पहिल्या प्रतीचा वाटा किती, यात. म्हणून विक्रीनंतर प्रतवार वजने वहीत लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगतात.

घरचे बियाणे ठेवताना

पीक बहुतांशी स्वपरागीभवनाचे असल्याने घरचे बियाणे ठेवता येते आणि ठेवावेही. संकरित कपाशीसारखे दरवर्षी विकत घेण्याची गरज नाही. मात्र मळणी झाल्यावर उरलेले बी उचलून पुढच्या वर्षी पेरण्याची सवय सोडावी लागेल. फळे भरपूर देणारी झाडे बियाण्याच्या ढिगात जास्त भरतात. त्यांचे मूळ बारीक असेल तर तेही पुढे जाते. काही वर्षांत शेत फळांनी लगडते आणि मुळे बारीक होत जातात.

शेताचा मध्यभागातला एक तुकडा बियाण्यासाठी राखा. फुलोऱ्याआधी त्यात फिरून उंच, पसरट, जास्त लव असलेली आणि रोगट झाडे उपटा. काढणीच्या वेळी त्या तुकड्यातली झाडे मुळासकट काढा, प्रत्येकाचे मूळ पाहा आणि ज्याचे मूळ सरळ, उपमुळे कमी, त्याचीच फळे वेगळी ठेवा. दीडशे-दोनशे झाडे तपासली की पन्नास-साठ चांगली निघतात. दोन-चारच उत्तम झाडांचे बी घेण्याचा मोह होतो, पण तसे करू नका. पाया आणखी अरुंद होतो आणि एखाद्या वर्षी मर किंवा पानावरील ठिपके आले तर सगळी झाडे सारखीच बळी पडतात.

पिकलेली लाल फळे वेष्टनासह सावलीत वाळवा, चोळा, बी धुऊन पुन्हा सावलीत वाळवा. बियाणे ताजेच वापरावे, वर्षाच्या वर ठेवले की उगवण झपाट्याने कमी होते. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात घालून उगवण पाहा आणि तेवढ्या प्रमाणात बियाणे वाढवा. फेकून पेरणीला हेक्टरी १० ते १२ किलो, रोपे करून लावायची असतील तर ५ किलोच्या आसपास पुरते. पेरणी पावसाचा जोर ओसरल्यावर, जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये करावी. लवकर पेरले आणि झड लागली तर रोपे कुजतात आणि तेव्हा बियाणे नागोरी होते की रानातले, याने काही फरक पडत नाही.

बियाण्याच्या पिशवीत एक चिठ्ठी टाका: कोणत्या शेतातले, कोणत्या वर्षाचे, मूळ बियाणे कुठून आणलेले, किती झाडांवरून घेतलेले. सोबत त्याच पिकाची चार-पाच वाळलेली मुळे एका पुडीत ठेवा. शेजाऱ्याला बी द्याल तेव्हा चिठ्ठीची नक्कल आणि एक मूळही द्या.